तळटीप : स्टेफनी प्लम आणि आपल्याकडचा जामीनदार

७. स्टेफनी प्लम ही जॅनेट इव्हानोविच यांची नायिका. पहिली कादंबरी १९९४ची. नोकरी गेलेली ट्रेंटनची ही मुलगी नात्यातल्या भावाच्या जामीन-पेढीसाठी फरारी आरोपी पकडते आणि त्या धांदलीत एकेक गाडी गमावत जाते. त्या कादंबरीतल्या फरारी आरोपीला, मोरेलीला, धरून आणण्याचे तिला मिळणार असतात १०,००० डॉलर, म्हणजे जामिनाच्या रकमेचे १० टक्के.

खानदेशी वाचकाने हा धंदा इथे शोधू नये. जळगाव-धुळ्याच्या कोर्टात जामीन राहतो तो मामा, मेहुणा किंवा गाववाला. रावेरकडच्या केळीच्या शेताचा सातबारा नाहीतर तहसीलचा ऐपतदाखला घेऊन, नात्यापोटी. आरोपी तारखेला आला नाही की वॉरंट निघते, जामीनपत्र जप्त होते आणि नोटीस त्या भल्या माणसाच्या दारात येते. मग तोच आधी आरोपीची सासुरवाडी गाठतो. उद्घोषित गुन्हेगाराला कोणीही नागरिक पकडू शकतो (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४०), पण सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. मोबदल्याचा त्यात उल्लेख नाही.

स्टेफनीच्या जवळ जाणारी आपली खरी बाई म्हणजे मुंबईच्या खासगी गुप्तहेर रजनी पंडित. एका खुनाचा छडा लावायला त्या संशयित बाईच्या घरी मोलकरीण म्हणून राहिल्या होत्या.