बिअरचे विरजण

मी बिअर पीत नाही. पण ती का बिघडते, याची गोष्ट मला आवडते. घरी बिअर करायला लागणारा परवाना ब्रिटनने १९६३ साली रद्द केला आणि तिथे किटचा धंदा फोफावला. माल्टचा घट्ट पाक पाण्यात कालवायचा, साखर, यीस्ट घालायचे, आंबू द्यायचे. पाक फार गरम असेल तर यीस्ट मरते, आंबणे सुरूच होत नाही. भांडे अस्वच्छ असेल तर नको ते जंतू शिरतात, बिअर आंबट होते.

हेच दुखणे पूर्वी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्याला जडले होते. चांगल्या यीस्टमध्ये रानटी यीस्ट मिसळते, हे तिथल्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी दाखवले. १८८३ मध्ये त्यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले. कारखान्याचे मालक जे. सी. याकोबसेन यांनी ते दडवून ठेवले नाही; इतर कारखानदारांनाही मोफत दिले.

किटमधल्या यीस्टच्या पुडीमागे हा इतिहास आहे. भांडे स्वच्छ हवे, हे दही लावणाऱ्या आपल्या आयांनाही ठाऊक होते. आणि चांगले विरजण शेजारणीला नाकारायचे नसते, हेही.