गर्दीच्या वेळेतले पार्किंग नियम : बाजारात गाडी लावण्याआधी आणि चलन भरण्याआधी हे वाचा

असोदा : असोदा, भादली, ममुराबाद, नशिराबाद या बाजूच्या गावांचा मोठा बाजार म्हणजे जळगाव. कपडा फुले मार्केटला, दागिना सुभाष चौकात, किराणा दाणा बाजारात, मोबाइल गोलाणी मार्केटला. गावातून दुचाकीवर निघायचं, बाजाराच्या तोंडाशी जागा दिसेल तिथे गाडी लावायची आणि आत शिरायचं, ही आपली सवय. अर्ध्या तासाने परत यावं तर गाडी जागेवर नाही. शेजारचा लोटगाडीवाला सांगतो, "उचलून नेली, आत्ताच."

मग सुरू होतो वाद. "सकाळी तर इथेच लावली होती, तेव्हा कोणी काही बोललं नाही!" हे बऱ्याचदा खरंही असतं. कारण बाजाराच्या रस्त्यावर एकाच जागेचा नियम वेळेनुसार बदलू शकतो. सकाळी आठला जिथे गाडी चालते, तिथे संध्याकाळी सहाला चालत नाही. हा नियम कोण करतं, कसा बदलतो, दंड किती आणि नियम चुकीचा वाटला तर काय करायचं, याची माहिती एकत्र देत आहोत.

गर्दीच्या वेळेचाच नियम का?

साधा हिशेब पाहा. राज्याच्या बांधकाम नियमावलीत एका कारसाठी २.५ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब जागा धरतात, दुचाकीसाठी १ मीटर रुंद आणि २ मीटर लांब. म्हणजे एका कारच्या जागेत सहा दुचाकी बसतात. आता बाजारातला ९ मीटरचा रस्ता घ्या. दोन्ही बाजूंना कार लागल्या की उरतात जेमतेम ४ मीटर. त्यातच रिक्षा, लोटगाडी, टेम्पो, पायी चालणाऱ्या बाया-लेकरं आणि वेळ आली तर ॲम्ब्युलन्स किंवा अग्निशमनचा बंब.

सकाळी लवकर एवढ्या रस्त्यात भागून जातं. संध्याकाळी पाचनंतर नाही. म्हणून जगभर बाजारपेठांत "या वेळेत या बाजूला पार्किंग बंद" असा नियम करतात. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोठ्या रस्त्यांवर ऑफिसच्या वेळेत कडेची रांग रिकामी ठेवावी लागते, बाकी वेळेत तिथेच गाडी लावता येते. रस्ता तोच, पण वेळेप्रमाणे त्याचं काम बदलतं.

पुण्याचा लक्ष्मी रोड : जवळचं उदाहरण

मराठी माणसाला सर्वात ओळखीचा नमुना म्हणजे पुण्याचा लक्ष्मी रोड. रस्ता एकेरी, दोन्ही बाजूंना कपड्यांची-दागिन्यांची दुकानं, शेजारी तुळशीबाग. पुण्यात जागोजागी 'पी-१' आणि 'पी-२' असे बोर्ड दिसतात. पी-१ च्या बाजूला विषम तारखेला गाडी लावायची, पी-२ च्या बाजूला सम तारखेला. म्हणजे दररोज एक बाजू मोकळी राहते आणि समोरासमोरच्या दुकानदारांना एकाआड एक दिवस गाड्यांचा त्रास आणि फायदा दोन्ही मिळतो. एक गंमत लक्षात ठेवा : ३१ तारखेनंतर १ तारीख येते. दोन्ही विषम. तेव्हा महिनाअखेरीस एकच बाजू सलग दोन दिवस चालते आणि नवखा माणूस तिथेच फसतो.

नुसती बंदी घालून पुण्याचं भागलं नाही. मंडईजवळ महापालिकेची आर्यन आणि मिनर्व्हा ही वाहनतळं आहेत. गाडी रस्त्यावरून हटवायची तर ती लावायची कुठे, याचं उत्तर जवळपास असावं लागतं. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडचा काही भाग गाड्यांसाठी बंद ठेवून 'पादचारी दिन' पाळला जातो. गाड्या नसताना बाजार कसा दिसतो ते त्या दिवशी कळतं.

मुंबईत महापालिकेने जुलै २०१९ मध्ये वेगळा रस्ता धरला. सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास रस्त्यावर गाडी लावली तर पाच हजारांपासून वीस हजारांच्या वर दंड. त्यावर बरीच ओरड झाली. पण मुंबईनेही आधी वाहनतळ दाखवला, मग दंड लावला. हा क्रम महत्त्वाचा आहे. जागा न देता नुसता दंड लावला तर गाड्या शेजारच्या गल्लीत जातात आणि त्रास तिथल्या राहणाऱ्यांना होतो.

नियम कोण बदलू शकतं?

बऱ्याच लोकांना वाटतं, चौकातला हवालदार ठरवतो. तसं नाही. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये हे अधिकार असे वाटलेले आहेत :

कलम ११५ : शासन किंवा शासनाने अधिकार दिलेली यंत्रणा एखाद्या रस्त्यावर वाहनांना बंदी किंवा निर्बंध घालू शकते. निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त चालणार असेल तर राजपत्रात अधिसूचना हवी. महिन्याच्या आतला असेल तर राजपत्राची गरज नाही, पण स्थानिक पातळीवर प्रसिद्धी द्यावी लागते. ईद, दिवाळी, गणपतीच्या काळातले तात्पुरते आदेश यातच बसतात.

कलम ११६ : रस्त्यावरचे बोर्ड आणि खुणा. ११५ खाली निर्बंध घातला की त्याचे बोर्ड योग्य ठिकाणी लावणं हे यंत्रणेचं काम आहे.

कलम ११७ : गाड्या कुठे आणि किती वेळ उभ्या राहतील, त्या जागा ठरवणं. हे स्थानिक संस्थेशी, म्हणजे आपल्याकडे महापालिकेशी, सल्लामसलत करून करायचं असतं.

याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३३ खाली रहदारीचे नियम करता येतात. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात हा अधिकार आयुक्तांना असतो. जळगावला आयुक्तालय नाही, जिल्हा पोलीस अधीक्षकांचं कार्यालय आहे. रस्ता आणि वाहनतळ मात्र महापालिकेचे. त्यामुळे "पोलीस म्हणतात महापालिकेने जागा द्यावी, महापालिका म्हणते पोलिसांनी कारवाई करावी" हा खेळ आपण नेहमी ऐकतो.

पुण्यात साधारण पद्धत अशी आहे : आधी प्रायोगिक तत्त्वावर तात्पुरता आदेश, त्यावर ठराविक दिवसांत हरकती आणि सूचना, मग अंतिम आदेश. ॲम्ब्युलन्स, अग्निशमन, पोलीस अशा अत्यावश्यक वाहनांना सूट. आपल्याकडेही बदल होताना हीच मागणी करायला हरकत नाही.

बोर्ड कसा वाचायचा?

गोल निळा बोर्ड, लाल कड आणि एकच तिरकी लाल रेघ : पार्किंग बंद. उतरायला-चढायला क्षणभर थांबता येतं.

गोल निळा बोर्ड आणि फुलीसारख्या दोन लाल रेघा : थांबायचंच नाही.

चौकोनी निळा बोर्ड : पार्किंगची जागा.

खाली छोट्या पाटीवर वेळ, तारीख किंवा वाहनाचा प्रकार लिहिलेला असतो. खरा नियम तिथेच असतो आणि आपण नेमकी तीच पाटी वाचत नाही.

बोर्ड नसला तरी काही जागा कायमच्या वर्ज्य आहेत : फूटपाथ, चौक, झेब्रा क्रॉसिंग, बसथांबा, शाळा-दवाखान्याचं तोंड, कोणाच्या दारासमोर, आणि आधीच लागलेल्या गाडीच्या बाजूला दुसरी रांग. बाजारातलं निम्मं भांडण या दुसऱ्या रांगेचं असतं.

दंड किती, गाडी कधी उचलतात?

नो पार्किंगला महाराष्ट्रात पहिल्या वेळी ५०० रुपये आणि पुन्हा सापडल्यास १,५०० रुपये तडजोड शुल्क आहे. राज्याने डिसेंबर २०२१ मध्ये हे वाढीव दर लागू केले.

गाडी उचलण्याचा अधिकार कलम १२७ मध्ये आहे. पार्किंगला बंदी असलेल्या जागी गाडी असेल, किंवा सार्वजनिक जागी १० तासांपेक्षा जास्त बेवारस असेल, तर गणवेशातला पोलीस अधिकारी ती टोइंगने हलवायला किंवा चाकाला जॅमर लावायला सांगू शकतो. टोइंगचा खर्च मालकावर, दंड वेगळा. गणवेशातला पोलीस सोबत नसताना नुसती टोइंगची पोरं गाडी उचलत असतील तर विचारायचा हक्क तुम्हाला आहे. मात्र विचारणं वेगळं आणि अंगावर जाणं वेगळं. सरकारी कामात हात उगारला तर पाचशेच्या दंडाचा फौजदारी गुन्हा होतो. पोरांना हे घरात नीट समजावून सांगा.

पैसे रोख मागितले तर पावती किंवा ई-चलन घेतल्याशिवाय देऊ नका.

लोटगाडी आणि रिक्षावाल्यांचं काय?

पार्किंगचा नियम कडक झाला की पहिला फटका गाडीवाल्याला नाही, लोटगाडीवाल्याला बसतो. फळं, चप्पल, टोप्या, बांगड्या विकणाऱ्यांत आपल्या समाजातले बरेच जण आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली रस्त्यात अडथळा केल्याचा गुन्हा होतो आणि त्याला ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. जुन्या कायद्यात हाच दंड २०० रुपयांपर्यंत होता. दिवसाची कमाई पाहता हा फरक फार मोठा आहे.

यावर उपाय पथविक्रेता कायदा २०१४ मध्ये आहे. त्यात शहर फेरीवाला समिती असते आणि तिच्यात किमान ४० टक्के सदस्य निवडून आलेले विक्रेते असावे लागतात, त्यातल्या एक तृतीयांश महिला. सर्वेक्षणात नाव आणि हातात प्रमाणपत्र असेल तर बोलायला आधार राहतो. ते नसेल तर आधी त्याच्या मागे लागा. रस्त्याचा नकाशा ठरताना पार्किंग, रिक्षा थांबा आणि विक्री क्षेत्र तिन्ही एकाच कागदावर यायला हवेत. नाहीतर एकाची जागा दुसऱ्याला दिली जाते आणि दोघं आपसात भांडत बसतात.

दुकानदारांनीही स्वतःकडे पाहावं. दुकानासमोरची पहिली जागा बऱ्याचदा मालकाची आणि नोकरांच्याच गाड्यांनी सकाळपासून अडवलेली असते. ग्राहकाला जागा नाही म्हणून ओरडणारा माणूस स्वतःच ती घेऊन बसलेला असतो. माल उतरवायचा टेम्पो संध्याकाळी सहाला उभा करण्यापेक्षा सकाळी बाजार उघडायच्या आत आला तर निम्मी कोंडी तिथेच सुटते. तळमजल्याखालचं पार्किंग गोदाम करून वापरणं बंद झालं तर आणखी.

नियम चुकीचा वाटतो? मग असं करा

१. जागेचा फोटो काढा : गाडी, आजूबाजूचा रस्ता, बोर्ड आहे की नाही, वेळ.

२. माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्ज द्या. आदेशाची प्रत, तारीख, मुदत आणि बोर्ड कुठे लावले ते मागा. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

३. ई-चलन चुकीचं असेल तर 'महाट्रॅफिक' ॲपवर तक्रार करा. जुनी चलनं लोकअदालतीतही निघतात.

४. हरकत एकट्याने नको, पंधरा-वीस जणांच्या सहीने द्या. दुकानदार, रिक्षावाले, विक्रेते, ग्राहक सगळे असू द्या. एक प्रत शहर वाहतूक शाखेला, एक महापालिका आयुक्तांना. पोच घ्या.

५. नुसता विरोध लिहू नका, पर्याय लिहा : कुठली बाजू, कुठली वेळ, दुचाकी कुठे, कार कुठे.

रमजानमध्ये इफ्तारच्या आधीचा तास आणि तरावीहनंतरची खरेदी, दिवाळीआधीचा आठवडा, लग्नसराई, शुक्रवारी जुम्म्याची वेळ : या सगळ्या वेळा दरवर्षी ठरलेल्या आहेत. त्यासाठी महिनाभर आधी बसून नियोजन होऊ शकतं. मशिदीच्या इंतजामिया कमिटीनेही दोन स्वयंसेवक रस्त्यावर उभे केले तर दुसरी रांग लागत नाही आणि कोणाचं दार अडत नाही.

शेवटी एक गोष्ट. पाचशे रुपये वाचावेत म्हणून नियम पाळा, ते ठीकच. पण बाजाराच्या आतल्या गल्ल्यांत म्हातारी माणसं राहतात, बाळंतिणी राहतात. आपण "दोनच मिनिटं" म्हणून लावलेल्या गाडीमागे कोणाची ॲम्ब्युलन्स अडकली तर ती दोन मिनिटं परत देता येत नाहीत. गाडी थोडी लांब लावा, दोनशे पावलं चाला.