घरच्या घरी हॉट टब : तत्त्व बंबाचंच, पण या ५ चुका जिवावर बेतू शकतात

बर्फाने झाकलेलं अंगण, मधोमध लाकडी टब, पाण्यातून निघणाऱ्या वाफा आणि गळ्यापर्यंत बुडून निवांत बसलेली मंडळी. असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. फिनलंडमध्ये लाकडावर तापणारे असे टब अनेक घरांच्या अंगणात आणि सुट्टीच्या घरांत दिसतात. अमेरिकेत १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लोकांनी वाइनची जुनी पिंपं यासाठी वापरली. आज तिथे काही जण गुरांना पाणी पाजायच्या पत्र्याच्या मोठ्या टाकीचाच टब करतात.

रीलमध्ये सगळं सोपं दिसतं. प्रत्यक्षात हे काम कसं चालतं आणि चुकतं कुठे, ते समजून घेऊ.

पंपाशिवाय पाणी तापतं कसं?

आपल्याकडच्या तांब्याच्या बंबात मधल्या नळीत जाळ असतो आणि भोवती पाणी. घरगुती हॉट टबमध्ये बहुतेक वेळा याच्या उलट असतं. टबाशेजारी चूल असते आणि तिच्या जाळात तांब्याच्या किंवा स्टीलच्या नळीचं वेटोळं. नळीचं एक टोक टबाच्या तळाशी जोडतात, दुसरं त्याच्या वर, पण पाण्याच्या पातळीखाली.

तापलेलं पाणी हलकं होऊन वरच्या तोंडातून टबात शिरतं. त्याची जागा घ्यायला तळाचं गार पाणी वेटोळ्यात येतं. हे चक्र आपोआप फिरत राहतं. याला थर्मोसायफन म्हणतात. त्यासाठी वेटोळं शक्यतो टबापेक्षा खाली हवं आणि वरची नळी टबाकडे सतत चढती हवी. मध्ये कुठे उंचवटा आला तर तिथे हवा अडकते आणि पाणी फिरणं थांबतं.

किती वेळ आणि किती इंधन?

१,००० लिटर पाणी १० अंशांवरून ३८ अंश सेल्सिअसवर न्यायला सुमारे ३३ युनिट उष्णता लागते. म्हणजे ३ किलोवॅटचा हीटर सलग ११ तास चालवावा लागेल. लाकडावर हेच काम साधारण १५ ते २० किलो सुक्या सरपणात होऊ शकतं. उष्णता सर्वात जास्त पृष्ठभागावरून जाते. त्यामुळे पाणी तापत असताना टबावर झाकण हवंच.

जिवावर बेतणाऱ्या ५ चुका

१. वजनाचा अंदाज न घेणं : १ लिटर पाण्याचं वजन १ किलो. ९० सेंटिमीटर खोल पाण्याचा भार दर चौरस मीटरला ९०० किलो होतो. भारतीय मानकानुसार घरातल्या खोलीचा स्लॅब वापराच्या साधारण २०० किलो भारासाठी आखतात, गच्चीचा तर त्याहून कमी. त्यामुळे टबाची जागा जमिनीवर, पक्क्या सपाट पायावर. गच्चीवर ठेवायचा असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावं.

२. नळीत पाणी नसताना चूल पेटवणं : रिकामं वेटोळं जाळात खराब होतं. नळीच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद असतील तर आत वाफ कोंडून स्फोट होऊ शकतो. म्हणून दोन्ही तोंडं पाण्याखाली आणि वाट कायम मोकळी हवी.

३. विजेशी खेळ : माणूस पाण्यात असताना हीटिंग रॉड टाकणं म्हणजे मृत्यूला आमंत्रण. विजेवरचं कुठलंही उपकरण पक्क्या अर्थिंगसह आणि ३० मिलिॲम्पिअरच्या आरसीसीबीवरच असावं आणि ते इलेक्ट्रिशियननेच बसवावं.

४. जास्त गरम पाणी : कमाल मर्यादा ४० अंश. चुलीला थर्मोस्टॅट नसतो, त्यामुळे पाणी ढवळून थर्मामीटरने तपासल्यावरच उतरावं. दारू पिऊन टबात बसू नये. गरोदर महिला आणि हृदयरोगी यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नये.

५. तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरणं : कोमट पाण्यात लिजिओनेला हा जिवाणू वाढतो आणि बारीक तुषारांतून फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया करू शकतो. गरम पाण्यात क्लोरीनही लवकर उडतं. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेनुसार हॉट टबमध्ये क्लोरीन किमान ३ पीपीएम हवं. हे सांभाळणं जमत नसेल तर प्रत्येक वापरानंतर पाणी सोडून टब घासून घ्यावा.

पंप बसवायचा विचार असेल तर

२००२ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही ७ वर्षांची मुलगी हॉट टबच्या तळाच्या ड्रेनला ओढली जाऊन बुडाली. पंपाची ओढ इतकी होती की तिला सुटता आलं नाही. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि २००७ मध्ये तिच्याच नावाने कायदा झाला. त्यानुसार ड्रेनवर शरीर चिकटणार नाही अशी सुरक्षित झाकणं सक्तीची झाली.

थर्मोसायफनच्या साध्या टबात पंपच नसतो, त्यामुळे हा धोका नसतो. बुडबुड्यांसाठी किंवा फिल्टरसाठी पंप लावायचा असेल, तर पाणी ओढणारी किमान दोन तोंडं एकमेकांपासून दूर ठेवावीत आणि त्यांवर अशीच झाकणं बसवावीत.

आणि टब कुठलाही असो, वापर नसताना त्यावर कुलूप लागणारं झाकण हवं. लहान मूल बुडायला काही क्षण पुरतात.