पत्ते उरले, डाव कुठे गेला?

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या सावंतवाडीला गेलेला पाहुणा परतताना दोन गोष्टी हमखास घेऊन येतो. एक म्हणजे चितारआळीतली लाकडी फळे आणि दुसरी राजवाड्यातल्या गंजिफा. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. त्यांवर मत्स्य, कूर्म, वराह अशा दहा अवतारांची चित्रे असतात आणि वर लाखेची चकाकी असते. घरी आल्यावर ही पाने चौकटीत बसवून भिंतीवर टांगली जातात. मुळात हे खेळायचे पत्ते आहेत. पण ते कसे खेळतात, हे सांगणारा माणूस आता सहजासहजी भेटत नाही.

खेळाचे साहित्य टिकले आणि खेळ मात्र विसरला जाऊ लागला, असे का व्हावे? हा प्रश्न सुटायला दुसऱ्या एका बैठ्या खेळाचा इतिहास उपयोगी पडतो. जर्मनीत सैन्याच्या सोंगट्या पटावर मांडून खेळायचा एक खेळ दोनशे वर्षांपूर्वी तयार झाला. पुढे त्यातून भूमिका घेऊन खेळण्याचा छंद निघाला आणि तो जगभर पसरला. हे दोन इतिहास शेजारी ठेवले, की खेळ जगतो कशावर, हे दिसू लागते.

आधी गंजिफा पाहू. हा खेळ आपल्याकडे इराणी परंपरेतून आला. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. अकबराच्या काळातल्या बारा रंगांच्या, १४४ पानांच्या संचाचे वर्णन अबुल फजलने ‘आइन-इ-अकबरी’त केले आहे. आठ रंगांचा, ९६ पानांचा संचही रूढ होता. दशावतारी संच हा या खेळाचा देशी अवतार म्हणता येईल. ओडिशात, बंगालमधल्या विष्णुपूरला आणि आपल्याकडे सावंतवाडीला तो रंगवला जात आला आहे.

दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची दहा पाने, म्हणजे एकूण १२० पाने. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू, रामाला बाण अशी रंगांची चिन्हे असतात. काही चिन्हे प्रांतोप्रांती बदलतात. भिडू तिघे. प्रत्येकाच्या वाट्याला ४० पाने येतात. पहिली उतारी कोणाची, हे सूर्य ठरवतो. दिवसा डाव मांडला असेल तर रामाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याची, रात्री मांडला असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याची.

या खेळात हुकूम नसतो. ज्या रंगाची उतारी झाली, त्या रंगातले मोठे पान हात जिंकते. राजा खेळून झाला की त्या रंगात प्रधान सर्वांत मोठा होतो, प्रधान गेला की त्याखालचे पान मोठे होते. त्यामुळे ‘या रंगातले आता सर्वांत मोठे पान कोणते?’ या एकाच प्रश्नाची दहा वेगवेगळी उत्तरे भिडूला सतत डोक्यात ठेवावी लागतात, आणि दर हाताला त्यांतले एखादे बदलते. आपल्या नेहमीच्या ५२ पानांच्या पत्त्यांत चारच रंग असतात. चौघांत ते वाटण्याच्या शक्यता मोजल्या तर २९ अंकी संख्या येते. १२० पाने तिघांत वाटण्याच्या शक्यता मोजल्या तर ती संख्या ५६ अंकी होते. चित्रांनी नटलेला हा खेळ खरे तर स्मरणशक्तीची कसून परीक्षा घेणारा आहे.

याहून महत्त्वाचा एक नियम आहे. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह आणि वामन या पहिल्या पाच रंगांत प्रधानानंतर दश्शी मोठी, मग नव्वी, असे करत एक्का सर्वांत लहान. परशुरामापासून कल्कीपर्यंतच्या पुढच्या पाच रंगांत क्रम नेमका उलटा: प्रधानानंतर एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत लहान. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा विनाकारण घातलेला घोळ वाटतो. पण तारो, ओम्बर यांसारख्या युरोपातल्या जुन्या पत्त्यांच्या खेळांतही अर्ध्या रंगांचा क्रम सुलटा आणि अर्ध्यांचा उलटा असतो. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० साली तारोच्या इतिहासावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी अशा नियमांकडे पुरावा म्हणून पाहिले. युरोपातले चौकोनी पत्ते आणि आपल्या गोल गंजिफा दिसायला अगदी वेगळ्या. तरी दोन्हींत हाच विचित्र नियम असावा, याचा अर्थ दोन्ही खेळांचे मूळ कुठेतरी एक असले पाहिजे. जीवशास्त्रज्ञ हाडांच्या ठेवणीवरून प्राण्यांचे नाते ओळखतात, तसेच हे. हे नाते चित्रांत दिसत नाही, नियमांतच दिसते. म्हणून खेळाचे नियम हरवले, की करमणुकीबरोबर इतिहासाचा एक पुरावाही हरवतो.

मग हा खेळ मागे का पडला? पहिले कारण बाजाराचे. गंजिफेचे पान बनवायचे म्हणजे कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, त्यावर पांढरीचा लेप देऊन घोटायचे, एकेक चित्र हाताने काढायचे आणि वर लाख चढवायची. असे १२० वेळा! उलट, लंडनच्या थॉमस डी ला रू यांनी १८३१ साली पत्ते छापण्याच्या सुधारित पद्धतीचे पेटंट घेतले. यंत्रावर छापलेले स्वस्त पत्ते पुढे हिंदुस्थानातही पोचले. दुसरे कारण खेळाचे. चार रंगांची ५२ पाने लवकर शिकता येतात आणि डावही लवकर संपतो. गंजिफांची मागणी घटली तसे त्या रंगवणारे हातही कमी झाले.

सावंतवाडीत ही कला अगदी थोड्या हातांत उरली होती. संस्थानचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली आणि १९७० नंतरच्या दशकात राजवाड्यातच ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ हा उद्योग उभा केला. तरुण कारागीर तयार झाले. आज आपल्याला गंजिफा विकत मिळतात, त्या या प्रयत्नामुळे. हे काम मोठेच आहे. पण त्यातून वाचली ती पाने रंगवण्याची कला. खेळणारी घरे, खेळणारे शेजारी, रात्री रंगणारे डाव हे सारे कारखान्यात तयार होत नाही.

आता जर्मनीकडे वळू. या गोष्टीची सुरुवात एका शिक्षकापासून होते. योहान हेलविग हे ब्राउनश्वाइगला गणित आणि निसर्गविज्ञान शिकवत. कीटकांचे ते अभ्यासक होते. त्यांनी १७८० साली बुद्धिबळाचा विस्तार करून युद्धाचा एक खेळ प्रसिद्ध केला. बुद्धिबळ मूळ आपले चतुरंग. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ यांचे पटावरचे सैन्य. हेलविग यांनी पट वाढवून दीड हजारांवर घरे केली आणि त्यांत डोंगर, पाणी, दलदल असे भूप्रदेश दाखवले. पुढे प्रशियाच्या राइसविट्स पिता-पुत्रांनी घरे काढून टाकून नकाशा वापरला. मुलाने १८२४ साली छापलेल्या नियमांत नकाशाचे प्रमाण १:८००० होते, प्रत्येक खेळी म्हणजे दोन मिनिटांचा काळ होता, नुकसान किती झाले ते फासे ठरवत आणि सगळ्यांवर एक पंच असे. कोणाला काय दिसते आणि कोणाला काय कळते, हे तोच सांगे. हा खेळ प्रशियाच्या लष्करात प्रशिक्षणासाठी वापरला गेला.

हा खेळ लष्कराबाहेर आला तो छंद म्हणून. विज्ञानकथालेखक एच. जी. वेल्स यांनी जीवशास्त्र शिकून काही काळ शाळेत शिकवले होते. त्यांनी १९१३ साली ‘लिट्ल वॉर्स’ हे पुस्तक लिहून घरातल्या शिशाच्या सैनिकांशी खेळायचे नियम दिले. यानंतरचा टप्पा अमेरिकेतला. १८८० साली तिथले एक लष्करी अधिकारी चार्ल्स टॉटन यांनी ‘स्ट्रॅटेगॉस’ नावाचे नियमांचे पुस्तक लिहिले होते. ऐंशीहून अधिक वर्षांनी मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात ते डेव्हिड वेसली या तरुणाच्या हाती पडले. त्यातली पंचाची कल्पना त्याला आवडली. १९६९ साली त्याने मित्रांसाठी एक डाव मांडला आणि त्यात प्रत्येक भिडूला सैन्याऐवजी एकेका माणसाची भूमिका दिली: कोणी नगराध्यक्ष, कोणी सावकार, कोणी विद्यापीठाचा कुलगुरू. याच मित्रमंडळातल्या डेव्ह आर्नेसनने ही कल्पना पुढे नेली आणि गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. एका खोक्यात तीन पुस्तिका, पहिल्या आवृत्तीच्या प्रती फक्त एक हजार. त्यात पट किंवा सोंगट्या नव्हत्या. होते ते नियम. आज जगभर लोक संध्याकाळी टेबलाभोवती बसून हा आणि असे खेळ खेळतात. एक जण डाव चालवतो, बाकीचे आपापली भूमिका वठवतात आणि अवघड प्रसंगी फासे निकाल देतात.

एक पुस्तक ऐंशी वर्षे कपाटात पडून राहते आणि एका विद्यार्थ्याच्या हाती आल्यावर त्यातला खेळ पुन्हा जिवंत होतो. हे शक्य झाले, कारण नियम लिहिलेले होते.

लिहिणे ही एकच वाट आहे असे मात्र नाही. मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत जत्रांमध्ये रात्रभर रंगणारा दशावतार पाहा. गंजिफेच्या पानांवरचेच अवतार इथे रंगभूमीला नाव देतात. त्यातल्या आख्यानाची संहिता परंपरेने लिहिलेली नसते. कथा ठरते, भूमिका वाटल्या जातात आणि नट रंगमंचावर उभे राहून आयत्या वेळी संवाद रचतात. समोरचा काय बोलेल हे पक्के ठाऊक नसते. पण राजाने कसे बोलावे, राक्षसाने कुठवर जावे, संकासुराने कधी हसवावे, याचे संकेत सगळ्यांना ठाऊक असतात. हे संकेत म्हणजे नियमच. ते कुठल्या पुस्तकात नसले तरी हरवले नाहीत, कारण दरवर्षी गावोगाव प्रयोग होतात आणि नवे पोर जुन्या नटाशेजारी उभे राहून शिकते.

म्हणजे नियम टिकायच्या वाटा दोन आहेत. एकतर ते असे लिहून ठेवायचे, की कधीही न पाहिलेल्या माणसाला ते वाचून खेळता यावे. नाहीतर खेळणे कधीच थांबू द्यायचे नाही. गंजिफांच्या बाबतीत खेळणे ओसरले आणि घराघरातले बारीकसारीक नियम बहुतेक तोंडीच राहिले. विज्ञानातही असेच आहे. प्रयोगशाळेतले उपकरण जपले, पण प्रयोगाची कृती नीट लिहिली नाही, तर पुढच्या पिढीच्या हाती शोभेची वस्तू येते.

यात शिक्षकांना करण्यासारखे बरेच आहे आणि त्याला खर्चही नाही. जुन्या लग्नपत्रिकांचे गोल कापून मुलांकडून पाने करून घ्यावीत. चिंचोके भाजून, भरडून, शिजवून खळ केली तर तोही एक प्रयोग होईल. सुरुवातीला १२० पाने नकोत. मत्स्य, कूर्म, राम आणि कृष्ण हे चारच रंग घ्यावेत, म्हणजे सुलटा आणि उलटा असे दोन्ही क्रम खेळात राहतील. पाने होतील ४८. तिघांत प्रत्येकी १६. शाळा दिवसा असल्याने उतारी रामाच्या राजाची. वर्गासाठी नियम सोपा ठेवावा: उतारीच्या रंगाचे पान असेल तर ते द्यायचे, नसेल तर कोणतेही टाकायचे; त्या रंगातले मोठे पान हात जिंकते आणि जिंकणारा पुढची उतारी करतो. सोळा हातांनंतर ज्याचे हात जास्त तो विजयी.

दोन-चार डाव झाले की मुलांना नियम स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगावे. मग ते कागद दुसऱ्या वर्गातल्या, खेळ न पाहिलेल्या तिघांना द्यावेत आणि लिहिणाऱ्यांनी गप्प बसून बघावे. कुठे अडते, कोणता शब्द दोन अर्थांनी घेतला जातो, काय लिहायचे राहून गेले, हे लगेच दिसेल. कागद सुधारून पुन्हा द्यावा. प्रयोगाची कृती कशी लिहावी, याचा याहून चांगला धडा सापडणे कठीण.

सावंतवाडी, कुडाळ, मालवण, वेंगुर्ले या भागातल्या शाळांना आणखी एक काम करता येईल. गंजिफा खेळलेली किंवा आजोबांना खेळताना पाहिलेली माणसे गावात असतील तर मुलांनी त्यांच्याकडे जाऊन विचारावे. पहिल्या उतारीला एक पान टाकत की दोन? रंगाचे पान देणे सक्तीचे होते का? डाव संपल्यावर हिशेब कसा होई? प्रत्येक उत्तर गावाचे नाव आणि तारीख घालून जसेच्या तसे वहीत उतरवावे. दोन उत्तरे जुळली नाहीत तर दोन्ही ठेवावीत. खेळ गावोगाव बदलतात आणि तो बदलही नोंदवण्याजोगा असतो. अशी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत, तेव्हा हे काम पुढच्या सत्रावर टाकू नये.