इब्न फिरनासची राहून गेलेली शेपटी

मुसलमानांच्या विज्ञानाचा विषय निघाला की अब्बास इब्न फिरनासचे नाव हमखास येते. राईट बंधूंच्या हजारएक वर्षे आधी, इ.स. ८७५च्या सुमारास, अंदलुसमधील कुर्तुबा शहरात पंख बांधून हवेत झेपावलेला माणूस. आपल्या व्याख्यानांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर गोष्ट इथेच थांबते. मला तिचा पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो.

ही हकीकत सांगणारा अल-मक्करी १७व्या शतकातला, म्हणजे घटनेनंतर सुमारे साडेसातशे वर्षांनी लिहिणारा. त्यामुळे ती जरा हात राखूनच वाचावी. मात्र त्या काळच्या मोमिन इब्न सईद या शायराने या उड्डाणाची थट्टा केली होती, त्याचा दाखलाही तो देतो. त्याच्या सांगण्याप्रमाणे इब्न फिरनास काही अंतर गेला, पण उतरताना आदळला आणि त्याच्या पाठीला मार बसला. कारण? पक्षी उतरताना शेपटीवर टेकतो. इब्न फिरनासने शेपटी लावलीच नव्हती.

शेपटी नेमके काय करते? साध्या विमानाचा तोल थोडा नाकाकडे ठेवलेला असतो. नाक खाली जाऊ पाहते आणि मागची छोटी आडवी शेपटी हवेच्या जोरावर मागचा भाग दाबून ते सावरते. ती पंखापासून लांब असल्याने थोडक्या जोरात काम होते. लांब पहारीने जड दगड हलतो, तसेच. उतरताना नाक किंचित वर उचलून वेग मारावा लागतो, तेव्हा हाच मागचा दाब कामी येतो. इब्न फिरनासकडे नेमका तोच नव्हता.

तरीही मुद्दाम बिनशेपटीची विमाने बनवणारे निघालेच. शेपटी काढली की तिचे वजन वाचते, हवेचा अडथळाही कमी होतो. ब्रिटिश लष्करी अधिकारी जॉन विल्यम डन याने पंख मागे झुकवले आणि टोकाकडे पीळ देऊन त्यांचा कोन कमी केला. टोके तोलाच्या मागे येतात, म्हणून शेपटीचे काम तीच करतात. डिसेंबर १९१० मध्ये ऑरव्हिल राईटसमोर त्याने हे विमान उडवले आणि हवेत असतानाच हात सोडून कागदावर टिपणे लिहिली! आज तिकोनी कापडी पंखाखाली इंजिन आणि आसन टांगलेली हलकी विमाने उडतात, त्यांनाही शेपटी नसते. चालक स्वतःचे वजन पुढेमागे करून तोल राखतो. पण अशा यंत्रात चुकीला जागा फार थोडी. शेपटीची लांब पहार नसल्याने वजन जरा मागे सरकले तरी सावरणे अवघड होते.

शेपटीचा हा विषय मला यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीला घेऊन येतो. तिथला शेख इस्माईल, वय २४, शिक्षण आठवीपर्यंत, हातात वेल्डिंग-फॅब्रिकेशनचे हुनर. यूट्यूबवर पाहून शिकत त्याने मारुती ८००चे इंजिन लावून एका माणसाचे हेलिकॉप्टर बांधले आणि त्याला नाव दिले ‘मुन्ना हेलिकॉप्टर’. हेलिकॉप्टरच्या शेपटीचे काम वेगळे. वरचा मोठा पंखा एका दिशेने फिरला की सांगाडा उलट दिशेने गरगरू पाहतो. शेपटीवरचा छोटा पंखा त्याला रोखतो. ऑगस्ट २०२१ मधल्या एका रात्री जमिनीवरच चाचणी चालू असताना या मागच्या पंख्याचे पाते तुटले आणि वरच्या पंख्यावर आदळले. तो पंखा इस्माईलच्या डोक्याला लागला. तो वाचला नाही.

त्यानंतर आपण त्याला ‘रँचो’ म्हटले, हळहळलो आणि विसरलो. काहींनी अडाणी धाडस म्हणून हेटाळणीही केली. या दोन्ही गोष्टींचा मला राग येतो. पहिल्यांदा बनवलेले पाते तुटणारच असे गृहीत धरून चाचणी घेतात. पंखा वेगळ्या चौकटीवर, भिंतीआड, तासन्‌तास फिरवायचा; इंजिनाचा दांडा दुरून ओढायचा; आत माणूस बसवायचा नाही. हे ज्ञान गुप्त नाही, पण यूट्यूबच्या व्हिडिओत दिसते ते उडालेले यंत्र, त्याआधी मोडलेली पाती नव्हे. डनचे पहिले ग्लायडरही १९०७ मध्ये काही सेकंदांतच आपटले होते. पण त्याच्या मागे ब्रिटिश लष्कराचा पैसा होता, स्कॉटलंडमधली मोकळी डोंगराळ जागा होती आणि पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करायची मुभा होती. मुंबईत घराच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव तर स्वतः वैमानिक. तरी नोंदणीचा कागद मिळेपर्यंत २०१७ उजाडले, कित्येक वर्षे खेटे घालावे लागले. फुलसावंगीच्या वेल्डरने कोणत्या खिडकीत अर्ज करायचा होता?

यवतमाळात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आयटीआय आहेत. इस्माईलला पदवी नको होती. पात्याचा धातू तपासून देणारा एक प्राध्यापक आणि वाळूच्या पोत्यांचा आडोसा, एवढे मिळाले असते तर त्या रात्री फक्त पाते मोडले असते. सकाळी त्याने दुसरे बनवायला घेतले असते.