म्हैसूरच्या चित्रशाळेतील मराठी दीपज्योती

बंगळुरास येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबात गावाकडील पाहुणे आले की, म्हैसूरची एक फेरी ठरलेलीच असते. चामुंडीचा डोंगर, राजवाडा, वृंदावन उद्यान यांच्या जोडीला ज्यांना कलेची आवड आहे, ते जगनमोहन राजवाड्याकडेही वळतात. 1861 साली बांधलेल्या या वास्तूत 1915 पासून चित्रशाळा आहे. तिच्या संग्रहातील एका चित्राची कीर्ती सर्वदूर पसरलेली आहे : हाती दिवा घेऊन, दुसऱ्या हाताने त्याची ज्योत जपणारी एक स्त्री. या चित्राचे नाव ‘ग्लो ऑफ होप’, म्हणजे आशेची प्रभा.

हे चित्र राजा रविवर्म्याचे, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. चित्रशाळेत रविवर्म्याचीही चित्रे असल्यामुळे हा समज पसरला असावा. परंतु रविवर्मा 1906 साली निवर्तला आणि हे चित्र रंगविले गेले ते 1945-46च्या सुमारास. त्याचे चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर हे सावंतवाडीचे सुपुत्र होत.

हळदणकरांचा जन्म 1882 सालचा. सावंतवाडीच्या संस्थानिकांच्या साहाय्याने ते मुंबईस येऊन जे. जे. कलाशाळेत शिकले. पुढे 1908 साली त्यांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढून विद्यार्थी घडविले आणि 1918 साली ‘आर्ट सोसायटी ऑफ इंडिया’ या संस्थेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. तैलरंग आणि जलरंग या दोन्ही माध्यमांवर त्यांचे सारखेच प्रभुत्व होते. तथापि त्यांची ख्याती विशेषेकरून व्यक्तिचित्रकार म्हणून झाली. 1968 साली त्यांचे निधन झाले.

अशा सिद्धहस्त कलावंतास या चित्राची स्फूर्ती कोठे मिळाली? पुराणकथेत नव्हे, दरबारातही नव्हे, तर स्वतःच्या घरात. दिवाळीच्या दिवसांत त्यांची कन्या गीता हिला साडी नेसून हाती दिवा घेतलेली त्यांनी पाहिली आणि चित्राची कल्पना तेथेच त्यांच्या मनात रुजली. मग तिला तशीच उभी करून त्यांनी हे चित्र रंगविले. त्यासाठी आपण सुमारे तीन तास उभ्या होतो, अशी आठवण गीताबाई पुढे सांगत असत.

व्यक्तिचित्रकारापुढील खरी अडचण नाकाडोळ्यांच्या साम्याची नसते. ते सरावाने साधते. अडचण असते ती भावाची. चित्रकारापुढे बसलेला मनुष्य आपला चेहरा जुळवून बसतो आणि जुळविलेल्या चेहऱ्यावरून भाव निघून जातो. येथे मात्र जिचे चित्र काढावयाचे तिच्या हाती एक काम आहे, वाऱ्यापासून ज्योत जपण्याचे. आम्हांस वाटते, या चित्राचे मर्म यातच आहे. जपणुकीचा भाव चेहऱ्यावर आणा, असे सांगून तो येत नाही. जपण्याजोगे काही हाती असले म्हणजे तो आपोआप उमटतो.

हे चित्र जलरंगातील आहे, ही गोष्ट सामान्य प्रेक्षकाच्या ध्यानी येत नाही. तैलरंगात काळोख आधी रंगवून त्यावर उजेडाचा रंग चढविता येतो, चुकले तर खरवडून पुन्हा लावता येतो. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे कोरा कागद. तो मागाहून लावता येत नाही, आरंभापासून राखावा लागतो. काळोखाचे थर एकावर एक देत असता एक ओघळ चुकीच्या जागी गेला, तर सारे श्रम वाया जातात. ज्योत जपणाऱ्या कन्येचे चित्र काढताना पित्यालाही कागदावरचा उजेड तसाच जपावा लागला असणार!

दिव्याआड धरलेल्या हाताचा हा विषय परदेशी कलेतही आढळतो. सतराव्या शतकातील फ्रेंच चित्रकार झॉर्झ द ला तूर याचे ‘सुतार सेंट जोसेफ’ हे चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यातील बालकाची बोटे मेणबत्तीच्या उजेडाने अशीच आरपार लालसर उजळलेली दिसतात. त्या चित्रकाराच्या वाट्यासही विस्मृती आली. त्याची चित्रे दुसऱ्यांच्या नावांवर खपत होती. 1915 साली एका जर्मन अभ्यासकाने ती ओळखू लागेपर्यंत जग त्याला जवळजवळ विसरले होते.

हळदणकरांविषयी तशी वेळ येऊ देणे आपल्या हाती नाही काय? गीताबाई उपळेकर 2018 साली, वयाच्या 102व्या वर्षी, कोल्हापुरात निवर्तल्या. तेव्हा वृत्तपत्रांतून ‘दिवा घेतलेली ती स्त्री’ हीच, असे अनेकांना प्रथमच कळले. चित्राच्या नावात तिचे नाव नाही, म्हणूनच ती कोणालाही आपल्या घरातली लेक वाटते. परंतु सर्वांची झाली म्हणून ती कोणाचीच नव्हती, असे ठरू नये.

आपण मराठी माणसे कर्नाटकात राहतो. या भूमीने आपल्याला अन्न दिले, घर दिले, आणि कोकणातल्या एका चित्रकाराची लेक आपल्या राजवाड्यात प्रेमाने सांभाळली. आपली मुले येथे कन्नड शाळासोबत्यांबरोबर वाढत आहेत, याचा आम्हांस आनंदच आहे. ती म्हैसूरला जातील, तेव्हा या चित्रापुढे क्षणभर थांबून त्यांनी सोबत्यांना दोन नावे सांगावीत : सावळाराम हळदणकर आणि गीता. आडोशाला धरलेला एक हात ज्योतीला पुरतो. नावे टिकविण्यास मात्र पिढ्यांमागून पिढ्यांचे हात लागतात.