तोतयाची वर्दी



आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तेव्हा हा माणूस संगणकावर काय बोलणार, अशी शंका तुमच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. पण आजचा विषय यंत्राचा थोडा आणि विश्वासाचा जास्त आहे.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. घरी बसून आम्ही संगणकावर एक जुना चित्रपट शोधत होतो. एकाएकी सगळी स्क्रीन व्यापून एक पान आलं. वर अशोकस्तंभ, खाली सरकारी खात्याचं नाव आणि मजकूर असा, की तुम्ही निषिद्ध गोष्टी पाहिल्यात, संगणक अडवला आहे, सहा तासांत कार्डाने दंड भरा, नाहीतर पोलीस घरी येतील. आतून सौभाग्यवतींनी विचारलं, "अहो, काय झालं?" आणि आम्ही, सत्तरी गाठलेले प्राध्यापक, हाताने स्क्रीन झाकली! गुन्हा काही केला नव्हता, तरी झाकली. त्या झाकण्याचा विचार करता करता हे व्याख्यान तयार झालं.

तोतया आपल्याला नवा नाही. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढे 'मीच भाऊ' म्हणणारा एक इसम उभा राहिला. त्याला कैद झाली, १७७६ मध्ये तो रत्नागिरीहून सुटला, कोकणात त्याला माणसं मिळाली, किल्लेही मिळाले. त्याच वर्षी त्याचा शेवट झाला. लोकांनी त्याला का मानलं? भाऊ परत यावेत असं अनेकांना वाटत होतं म्हणून. तो तोतया आशेवर जगला. आजचा तोतया भीतीवर आणि लाजेवर जगतो.

संगणकावरच्या खंडणीची सुरुवात १९८९ सालची. जोसेफ पॉप या संशोधकाने एड्सची माहिती म्हणून सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने जगभर पाठवल्या. संगणक ठरावीक वेळा सुरू झाला की फाइलींची नावं बिघडत आणि १८९ डॉलर पनामातल्या टपालपेटीवर पाठवा, असा हुकूम येई. त्यात पोलीस नव्हते. परवान्याचे पैसे मागितल्याचा बहाणा होता.

पोलिसाची वर्दी ठळकपणे आली ती २०११-१२च्या सुमारास, रेव्हेटॉन नावाच्या रॅन्समवेअरबरोबर. तुम्ही ज्या देशात असाल त्या देशाच्या पोलिसांचं चिन्ह ते दाखवी. अमेरिकेत एफबीआय, इंग्लंडात तिथले पोलीस. संगणकाचा आयपी पत्ता लिही, कधी वेबकॅमचं चित्रही दाखवी, म्हणजे कोणीतरी पाहतंय असं वाटावं. दंड मात्र युकॅश, मनीपॅक अशा प्रीपेड व्हाउचरने. ऑगस्ट २०१२ मध्ये खऱ्या एफबीआयला लोकांना सावध करावं लागलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्पेनच्या पोलिसांनी युरोपोलच्या मदतीने यातली एक टोळी पकडल्याचं जाहीर केलं. २०१३च्या अखेरीस क्रिप्टोलॉकर आला. तो स्क्रीन अडवून थांबत नसे, फाइलींनाच कुलूप घाली.

हे सगळं परदेशातलं, आपल्याला काय, असं म्हणू नका. २०२३ साली केरळात कोझिकोडला एका शाळकरी मुलाच्या स्क्रीनवर असंच सरकारी नाव लावलेलं पान आलं, तीस हजारांहून जास्त रुपये मागितले गेले, आणि त्या मुलाने जीव दिला. आम्ही निदान हाताने स्क्रीन झाकली होती. त्या लेकराजवळ सांगायला कोणी नव्हतं, किंवा आहे असं त्याला वाटलं नाही.

मग ओळखायचं कसं? आपल्या न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण आहे, पण ते आप्ताचं. आप्त म्हणजे ज्याला वस्तुस्थिती ठाऊक आहे आणि जो ती जशीच्या तशी सांगू इच्छितो. चिन्हाने कोणी आप्त होत नाही. अशोकस्तंभाचं चित्र कोणीही चिकटवू शकतो. म्हणून चित्र पाहू नका, वागणूक पाहा. कायदा सहा तासांची घड्याळं लावत नाही, आणि पैसे दिले की गुन्हा पुसतो असंही म्हणत नाही. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितलं, की अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नावाची स्पष्ट पट्टी हवी आणि अटकेचा पंचनामा साक्षीदारासमोर व्हावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हे आहे. स्क्रीनला नावाची पट्टी नसते.

आता काढायचं कसं? आम्ही काटोलच्या भाच्याला फोन केला. तो हसला. "मामा, ते नुसतं वेबपेज आहे ना! एस्केप दाबून धरा." पान लहान झालं. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडलं आणि ब्राउझर बंद केला. पुन्हा उघडताना जुनी पानं परत आणू का, असं तो विचारतो, नाही म्हणायचं. झालं.

संगणक बंद करून सुरू केल्यावरही तोच पडदा आला, तर मात्र खरंच काही शिरलेलं आहे. इंटरनेट तोडा, सेफ मोडमध्ये सुरू करा, अँटिव्हायरसने तपासा. विंडोजमध्ये डिफेंडरची ऑफलाइन तपासणी असते. मोबाइल असेल तर सेफ मोडमध्ये जाऊन संशयित अ‍ॅपचा डिव्हाइस अ‍ॅडमिनचा अधिकार आधी काढा, मग अ‍ॅप काढा. फाइलींना कुलूप लागलं असेल तर 'नो मोअर रॅन्सम' या २०१६ पासूनच्या उपक्रमाकडे काही किल्ल्या मोफत मिळतात, सगळ्या नाही. म्हणून फाइलींची प्रत वेगळी ठेवावी. पैसे देऊ नका. कार्डाचा नंबर टाकला असेल तर लगेच बँकेला आणि १९३० ला फोन करा.

हाच तोतया आता व्हिडिओ कॉलवर आला आहे, त्याला 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी सांगितलं, की कायद्यात अशी अटकच नाही. पडदा बदलला, वर्दी तीच राहिली. तो पहिल्यांदा बजावतो, कोणाला सांगू नका. कारण दुसऱ्या माणसाने पाहिलं की त्याचा अंमल संपतो.

तेव्हा श्रोतेहो, आज घरी गेल्यावर मुला-नातवंडांना एवढंच सांगा: स्क्रीनवर काहीही आलं तरी आम्हांला दाखव, आम्ही रागावणार नाही. आणि मग खरंच रागावू नका. आम्ही हात बाजूला केला तेव्हा सौभाग्यवतींनी पान वाचलं आणि म्हणाल्या, "दंड भरायचा तर पावती कोण देणार?" इतकी वर्षं तर्कशास्त्र आम्ही शिकवलं, प्रश्न मात्र त्यांना सुचला.